प्रशिक्षण ऐकू येणाऱ्यांचे

सरकारी कचेरीतील नोकरभरतीचा हिशेब बिंदुनामावलीत ठेवला जातो. कोणत्या प्रवर्गाच्या जागा किती, भरल्या किती आणि अनुशेष किती राहिला, हे तीत रकान्यांनिशी नोंदलेले असते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने सरकारी आस्थापनांतील किमान ४ टक्के जागा दिव्यांगांसाठी राखल्या आणि त्यांतील १ टक्का कर्णबधिर व कमी ऐकू येणाऱ्यांच्या वाट्याला आला. त्यापूर्वीच्या १९९५ च्या कायद्यातही हा १ टक्का होताच. म्हणजे हा रकाना काही आजचा नव्हे. तो पुष्कळ ठिकाणी रिकामा राहतो, ही तक्रार जुनी आहे आणि तीत तथ्यही आहे. परंतु तो भरल्यानंतर काय होते, याची चर्चा क्वचितच होते.

कर्णबधिर तरुण एखाद्या कचेरीत कारकून म्हणून रुजू होतो, तेव्हा त्याचे स्वागत बहुधा चांगलेच होते. साहेब कागदावर दोन ओळी लिहून शुभेच्छा देतात, पेढे वाटले जातात, शिपाई त्याला त्याची खुर्ची दाखवितो. मग प्रश्न पडतो तो काम कोणते द्यावे याचा. दूरध्वनी घेता येणार नाही, अभ्यागतांशी बोलता येणार नाही, बैठकीत बसवून उपयोग नाही. तेव्हा आवक-जावक, नाही तर अभिलेख कक्ष. काही वर्षांनी बदली झाली तरी गाव तेवढे बदलते, टेबल तेच राहते. पदवी, टंकलेखनाची गती, संगणकाचे ज्ञान हे सारे नेमणुकीच्या वेळी तपासले गेलेले असते. पुढे त्याची आठवण कोणाला राहत नाही. यात कोणाचा दुष्टावा असतो असे मुळीच नाही. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९५७ साली रोजगारातील भेदभावाचे विवेचन केले, त्यात मालकाच्या मनातील नावड ही मध्यवर्ती कल्पना होती. येथे नावड नाही. येथे आहे तो संकोच. आणि संकोचाचे परिणाम नावडीपेक्षा फार निराळे होत नाहीत.

चहाच्या वेळी चौघे जण कशावर तरी खदखदून हसतात. तो हाताने विचारतो, काय झाले? कोणीतरी हात हलवून सांगतो, “काही नाही, नंतर सांगतो.” ते ‘नंतर’ कधी येत नाही. जगभरच्या कर्णबधिरांच्या अनुभवकथनांत हे वाक्य पुन्हा पुन्हा भेटते. वरवर पाहता गोष्ट क्षुल्लक आहे. परंतु कचेरीतील निम्मे ज्ञान फायलीत नसतेच. कोणत्या साहेबांना टिप्पणी कशी लागते, विभागीय परीक्षेचे अर्ज केव्हा निघणार, कोणती जागा रिकामी होणार, कोणत्या परिपत्रकाचा अर्थ कसा लावायचा, हे सारे कर्णोपकर्णी पसरते. मराठीने या शब्दातच सगळे सांगून ठेवले आहे. ज्याच्या कर्णाशी ही साखळी तुटते, त्याला परिपत्रक सर्वांबरोबर मिळते, पण त्याचा अर्थ सर्वांत शेवटी. वर्षअखेरीस त्याच्या गोपनीय अहवालात ‘अबोल, सहकाऱ्यांत मिसळत नाही’ असा शेरा पडला, तर त्याचे आश्चर्य वाटायला नको. सहकारी त्याच्यात किती मिसळले, हे विचारणारा रकाना त्या अहवालात नाही.

अशा कर्मचाऱ्याला आजवर प्रशिक्षण दिले गेले नाही असे नव्हे. उलट, बालपणापासून त्याला दुसरे काहीच दिलेले नाही. ओठ वाच, आवाज काढ, यंत्र लाव, स्पष्ट बोल. त्याने पंधरा-वीस वर्षे ऐकणाऱ्यांच्या जगात वावरण्याची तालीम घेतलेली असते. कचेरीतील उरलेल्या तीस जणांनी मात्र त्याच्याशी कसे बोलावे याची अर्ध्या तासाचीही तालीम घेतलेली नसते. अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर संभाषण हा दोघांमधील व्यवहार आहे आणि त्याला खर्च येतो. उद्योगसंस्था मुळात अस्तित्वात का येतात, याचे उत्तर देताना रोनाल्ड कोस यांनी १९३७ सालीच बाजारातील व्यवहाराला येणाऱ्या खर्चाकडे लक्ष वेधले होते. आपल्या कचेऱ्यांत कर्णबधिराशी होणाऱ्या प्रत्येक व्यवहाराचा सगळा खर्च एकाच पक्षावर टाकला जातो, आणि तोही ज्याला तो सर्वांत जड जातो त्याच्यावर. ब्रिटनसारख्या देशांत ‘डेफ अवेअरनेस’ या नावाने जे प्रशिक्षण रूढ झाले आहे, ते या वाटणीत दुरुस्ती करण्यासाठी आहे. ते कर्णबधिरांसाठी नाही. ते ऐकू येणाऱ्यांसाठी आहे. ही साधी गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे, कारण आपल्याकडे ‘कर्णबधिर’ आणि ‘प्रशिक्षण’ हे शब्द एकत्र आले की डोळ्यांसमोर शिवणयंत्रे आणि मेणबत्त्या येतात.

यात शिकण्यासारखे आहे तरी काय, असे कोणी विचारील. ‘हळू बोलावे, मोठ्याने बोलावे, झाले!’ वस्तुतः मोठ्याने बोलणे हीच पहिली चूक. ओरडताना चेहरा विस्कटतो आणि ओठांची वळणे बिघडतात. आणि ओठांवरून तरी कितीसे कळते? आरशासमोर उभे राहून, आवाज न काढता ‘बाबा’ म्हणावे आणि मग ‘मामा’ म्हणावे. दोन्ही वेळा ओठ तंतोतंत सारखेच मिटतात. प, ब, भ, म हे चारही वर्ण ओठांवर एकच. त ठेवला काय आणि ठ ठेवला काय, जीभ आत काय करते हे समोरच्याला दिसत नाही. म्हणजे भात, माठ, पाट, पाठ हे चार शब्द ओठवाचकाच्या दृष्टीने जवळजवळ एकच शब्द आहेत. क, ख, ग, घ तर घशाजवळच तयार होतात. बाहेर त्यांचा मागमूसही लागत नाही. ओठ वाचणे हे वाचणे नसून अर्धेअधिक अनुमान असते. विषय ठाऊक असेल, बोलणाऱ्याचा चेहरा उजेडात असेल, एका वेळी एकच माणूस बोलत असेल, तर ते अनुमान जमते. बोलणारा खिडकीकडे पाठ करून बसला की चेहऱ्यावर सावली येते आणि सारे संपते. बोलता बोलता फायलीत मान घातली, तोंडात पान किंवा तंबाखू असली, मिशा ओठांवर उतरल्या असल्या, तरी तेच. २०२० साली महामारीत सर्वांनी तोंडावर मुखपट्ट्या बांधल्या, तेव्हा ओठांवर अवलंबून असलेल्या कर्मचाऱ्यांचे कचेरीतील उरलेसुरले संभाषणही एका दिवसात थांबले.

श्रवणयंत्राबद्दलचा गैरसमज याहून मोठा आहे. चष्मा लावला की अक्षर स्पष्ट होते, तसे यंत्र लावले की ऐकू येते, अशी सर्वसाधारण समजूत. त्यामुळे यंत्र लावूनही ज्याला कळत नाही, त्याच्याविषयी ‘हवे तेवढे बरोबर ऐकू येते याला’ अशी कुजबुज सुरू होते. यंत्र आवाज वाढविते; तो स्पष्ट करीलच असे नाही. आणि वाढविते तेव्हा पंख्याची घरघर, खुर्चीची करकर, बाहेरच्या रस्त्यावरचा भोंगा हेही वाढविते. शांत खोलीत एका माणसाचे बोलणे चांगले कळणाऱ्याला दहा जणांच्या बैठकीत काहीच कळू नये, यात लबाडी नाही, कानाची रचना आहे. शिवाय दिवसभर असे ऐकण्याचा, पाहण्याचा आणि अंदाज बांधण्याचा शीण असतो. सायंकाळी पाचनंतर तो कमी बोलतो याचे कारण रुसवा नसून थकवा असतो.

मग लिहून सांगावे, हा सर्वांत सोपा उपाय. तो पुष्कळदा उपयोगी पडतो, परंतु तोही निर्दोष नाही. आणि त्याचे कारण इतिहासात आहे. १८८० साली इटलीतील मिलान येथे बधिरांच्या शिक्षणाविषयी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. उपस्थित १६४ प्रतिनिधींमध्ये स्वतः बधिर असलेला प्रतिनिधी एकच होता. खुणांची भाषा शाळांतून हद्दपार करावी आणि मुलांना केवळ मौखिक पद्धतीने शिकवावे, असा ठराव तेथे झाला. मुंबईत बधिरांची शाळा निघाली तीही त्याच दशकात, आणि पुढे भारतातील बहुतेक शाळांनी मौखिक पद्धतीचाच मार्ग धरला. वर्गात हात हलवले म्हणून हातावर पट्टी खाल्लेल्या मुलांच्या पिढ्या त्यातून निघाल्या. २०१० साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे भरलेल्या परिषदेने मिलानच्या ठरावांबद्दल खेद व्यक्त केला. तोवर १३० वर्षे उलटली होती. जी भाषा त्यांची सहज भाषा होऊ शकली असती ती नाकारली गेली, आणि जी शिकवली ती त्यांनी कधी ऐकलीच नव्हती. त्यामुळे अनेकांचे लेखी मराठी कच्चे राहते. विभक्ती चुकते, लिंग चुकते, क्रियापद नको तेथे जाते. आपल्याला नपुंसकलिंगाचा सराव कानाने झालेला असतो, याची आपल्याला जाणीव नसते.

भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे. तीत प्रश्नवाचक खूण सामान्यतः वाक्याच्या शेवटी येते, काळाचा निर्देश आरंभी येतो, आणि चेहऱ्यावरचे भाव हे नुसते भाव नसून व्याकरणाचा भाग असतात. ती मराठीची किंवा हिंदीची हातांनी केलेली नक्कल नव्हे. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली श्रवणदोष असलेल्यांसाठी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. परंतु केवळ सांकेतिक भाषेचे संशोधन व प्रशिक्षण यासाठी दिल्लीत केंद्र निघायला २०१५ साल उजाडावे लागले. त्या केंद्राने २०१८ मध्ये ३,००० शब्दांचा कोश काढला आणि २०२१ पर्यंत तो १०,००० शब्दांवर नेला. अशी भाषा बोलणारा मनुष्य जेव्हा ‘मी पत्र काल पाठविली’ असे लिहितो, तेव्हा तो दुसऱ्या भाषेत लिहीत असतो. मद्रासहून आलेल्या अधिकाऱ्याची मराठी चुकली तर कचेरीला कौतुक वाटते. कर्णबधिर कारकुनाची चुकली तर त्याच्या बुद्धीविषयी शंका घेतली जाते. टिप्पणीतील भाषा आणि टिप्पणीतील विचार या दोन गोष्टी निरनिराळ्या तपासाव्यात, एवढे जरी अव्वल कारकुनाला कोणी शिकविले तरी पुष्कळ होईल.

यावर कोणी म्हणेल की एका माणसासाठी तीस जणांनी आपली रीत बदलावी, हे अव्यवहार्य आहे. उत्तर शोधायला लँकेशायरपर्यंत जावे लागेल, पण ते सोयीचे आहे. ज्यांनी इचलकरंजी, मालेगाव किंवा भिवंडीच्या यंत्रमागांच्या शेडमध्ये कधी पाऊल टाकले असेल, त्यांना तेथील खडखडाट ठाऊक आहे. शेजारच्या माणसाला काही सांगायचे तर तोंड त्याच्या कानाशी न्यावे लागते. इंग्लंडमधील लँकेशायरच्या कापडगिरण्यांत शेकडो माग एकाच छपराखाली चालत. तेथील विणकर स्त्रियांनी यावर एक उपाय काढला. ओठांच्या हालचाली ठळक करायच्या, चेहऱ्याने आणि हातांनी अर्थ पुरवायचा, आणि आवाज न काढता मागांच्या रांगांपलीकडच्या मैत्रिणीशी सुखदुःखाच्या गोष्टी करायच्या. या बोलण्याला त्यांनी ‘मी-मॉइंग’ असे नावही दिले होते. त्यासाठी कोणी वर्ग भरविला नव्हता, परिपत्रक काढले नव्हते. गरज सर्वांची होती, म्हणून रीत सर्वांनी शिकली. गोंगाटाने त्या शेडमधील प्रत्येक जणीला काम चालू असेतो बधिर करून टाकले होते आणि तरीही तेथे कोणी ‘अबोल’ नव्हते. अव्यवहार्य हा शब्द त्यामुळे जरा जपून वापरायला हवा. तीस जणांची रीत बदलत नाही असे नाही. एकट्यासाठी बदलत नाही, एवढेच खरे.

त्या विणकरांपैकी कित्येकींना पुढे खरोखरच ऐकू येईनासे झाले, ही या कथेची दुसरी बाजू. काम कान घेऊन जाते, ही जुनीच माहिती आहे. ग्लासगोचे कर्णरोगतज्ज्ञ थॉमस बार यांनी १८८६ साली बॉयलर बनविणाऱ्या शंभर कारागिरांचे कान तपासले, तेव्हा एकाचीही श्रवणशक्ती शाबूत आढळली नाही. आपल्याकडे कारखानाविषयक नियमांनी आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा घातली आणि गोंगाटाने येणारे बहिरेपण हे कळविणे बंधनकारक असलेल्या व्यावसायिक रोगांत गणले. शिवाय वय आहेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार साठी ओलांडलेल्यांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक लोकांची श्रवणशक्ती जीवनव्यवहारात अडथळा येण्याइतपत उणावते. २०११ च्या जनगणनेने २ कोटी ६८ लाख दिव्यांगांपैकी सुमारे ५० लाख ७० हजारांची नोंद श्रवणदोषाखाली केली खरी. पण पन्नाशीनंतर ज्यांनी ‘हल्ली जरा कमी येते’ एवढेच घरात कबूल केले, ते त्या संख्येत सापडायचे नाहीत.

असे लोक प्रत्येक कचेरीत आणि प्रत्येक शिक्षककक्षात आहेत. मागच्या बाकावरून आलेला प्रश्न ऐकू आला नाही म्हणून ‘पुढे येऊन विचार’ असे दरडावणारे शिक्षक. साहेबांनी सांगितलेले अर्धेच कळले तरी मान डोलावणारे आणि मग शेजाऱ्याला हळूच विचारणारे जुने कारकून. हे लोक आपले उणे लपवितात, आणि ते का लपवितात हे उघड आहे. आंधळ्याच्या वाट्याला आपल्या समाजात निदान करुणा तरी येते; बहिऱ्याच्या वाट्याला हसू येते. शाळेच्या स्नेहसंमेलनातील नाटुकल्यात बहिरे पात्र आले की भलतेच उत्तर देऊन हशा पिकविणे, हेच त्याचे काम. ज्याने विद्यार्थिदशेत त्या पात्राला टाळ्या दिल्या, तो पन्नासाव्या वर्षी स्वतःचे यंत्र खिशातच ठेवतो. सेवेत असताना अपंगत्व आले म्हणून सरकारी कर्मचाऱ्याला कामावरून काढता येत नाही किंवा खालच्या पदावर आणता येत नाही, असे २०१६ च्या कायद्याचे २० वे कलम सांगते. हे पुष्कळांच्या गावीही नसते. प्रशिक्षणाचा पहिला लाभ कदाचित नवागत कर्णबधिराला न मिळता, वीस वर्षे शेजारी बसलेल्या आणि अजून तोंड न उघडलेल्या सहकाऱ्याला मिळेल.

प्रशिक्षण म्हणजे काय, हे आता थोडक्यात सांगता येईल. बोलण्यापूर्वी खांद्याला हलका स्पर्श करून किंवा हात हलवून लक्ष वेधणे, चेहरा उजेडात ठेवणे, विषय आधी सांगणे, न कळल्यास तेच वाक्य ओरडून न सांगता निराळ्या शब्दांत सांगणे, आकडे आणि नावे लिहून देणे, बैठकीत एकेकाने हात वर करून बोलणे, दुभाषी असेल तेव्हा दुभाष्याकडे न पाहता त्या व्यक्तीकडे पाहून बोलणे, आणि शंभरभर रोजच्या खुणा. हे सारे एका दिवसात दाखविता येते; अंगी बाणायला अर्थातच अधिक काळ लागतो. शिकवायला मात्र स्वतः कर्णबधिर असलेलाच शिक्षक हवा. एरवी ऐकू येणारा वक्ता ऐकू येणाऱ्यांसमोर तासभर बोलतो, टाळ्या होतात, प्रमाणपत्रे वाटली जातात आणि कर्णबधिर कारकून त्या सभागृहातही मागच्या खुर्चीवर बसून असतो. अशा समारंभांची आपल्याकडे उणीव नाही. २३ सप्टेंबर हा सांकेतिक भाषांचा आंतरराष्ट्रीय दिवस २०१८ पासून पाळला जातो. त्या दिवसाची छायाचित्रे वृत्तपत्रांत येतात आणि २४ तारखेला कचेरी पूर्ववत् सुरू होते.

खर्चाचा प्रश्न राहतो. बधिरत्वाकडे दुर्लक्ष केल्याने जगाचे वर्षाला सुमारे ९८० अब्ज डॉलरचे नुकसान होते, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये म्हटले. असे आकडे डोळे दिपवितात, पण तालुक्याच्या कचेरीत ते कोणाला पटत नाहीत. तेथे हिशेब लहान आहे. एक कर्मचारी पूर्ण वेतन घेतो आणि त्याच्या पात्रतेच्या अर्धेही काम त्याला दिले जात नाही. हा तोटा दरमहा होतो आणि निवृत्तीपर्यंत होत राहतो. त्याच्या तुलनेत तीस जणांचा एक दिवस फार नव्हे. महाग पडतो तो दुभाषी, आणि तो कायमचा लागत नाही. बैठक, मुलाखत, विभागीय चौकशी, प्रशिक्षणवर्ग अशा प्रसंगी लागतो. ब्रिटनमध्ये १९९४ पासून एका सरकारी योजनेतून नोकरदार कर्णबधिरांच्या दुभाष्याचा खर्च दिला जातो, त्यामुळे तो लहान मालकावर पडत नाही. आपल्याकडे प्रशिक्षित दुभाषीच मोजके आहेत. तरीही २०२३ च्या सप्टेंबरात सारा सनी या कर्णबधिर वकील महिलेला सर्वोच्च न्यायालयाच्या कामकाजात दुभाष्याचे साहाय्य घेऊ देण्यात आले. जे तेथे एका दिवसात शक्य झाले, ते जिल्हा कचेरीच्या मासिक बैठकीला अशक्य ठरण्याचे कारण नाही. कायद्यानेही वाजवी सोयी पुरविण्याचे दायित्व सरकारी आस्थापनांवर टाकलेलेच आहे.

खाजगी क्षेत्रात राखीव जागांची सक्ती नाही. तेथे काही उद्योजकांनी स्वेच्छेने मार्ग काढले. मुंबईत २००९ साली सुरू झालेल्या मिरॅकल कुरिअर्सने टपाल पोचविण्याचे काम कर्णबधिर तरुणांवर सोपविले. पत्ता वाचायचा, गाठायचा, सही घ्यायची, यात ऐकण्याचा संबंध थोडा. लेमन ट्री या हॉटेलांच्या साखळीने २००७ पासून कर्णबधिरांना नोकऱ्या दिल्या आणि ऐकू येणाऱ्या कर्मचाऱ्यांना सांकेतिक भाषेचे प्राथमिक शिक्षण दिले. दुसरा मार्ग अधिक अवघड आहे आणि सरकारी कचेऱ्यांना लागू पडणारा तोच आहे. बोलण्याची गरज नसलेले काम शोधून देणे म्हणजे पुन्हा आवक-जावकच, फक्त सुबक नावाचे.

नेमणुकीचा आदेश निघाल्यापासून उमेदवार रुजू होईपर्यंत काही आठवड्यांचा अवधी सहसा जातो. टेबल खिडकीसमोर न ठेवता दाराकडे तोंड करून ठेवणे, आगीच्या घंटेला एक दिवा जोडणे, दूरध्वनीऐवजी संदेशाने कोणते काम चालेल हे ठरविणे, आणि शाखेतील तीस जणांना एका कर्णबधिर शिक्षकासमोर एक दिवस बसविणे, एवढे त्या अवधीत होऊ शकते. तूर्त त्या आठवड्यांत त्याच्या वैद्यकीय तपासणीचे कागद तेवढे एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात असतात.